घरातला प्रवाळ टँक आणि त्याचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. हॉलमध्ये खिडकीपासून लांबच्या भिंतीला माझा दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्याला आता सहावं वर्ष लागलंय. घरी गणपतीला येणारी माणसं आरती झाली की त्याच्यासमोर उभी राहतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर पुण्याची भाचेमंडळीही तेच विचारतात. सगळ्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. तुम्ही भारतात राहत असाल तर पहिला प्रश्न वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मी पुण्यात राहतो. असा टँक मला घरी करता येईल का?

जिवंत कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा, टँक करू नका, असंच मी सांगेन. भारतात खडक बांधणारी सगळी प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रातून तोडणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. अंदमानच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला पांढरा तुकडासुद्धा पिशवीत घालून आणायचा नाही. बाजारात कोणी ‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ असं म्हणालं, तर त्याच्याकडे त्याच नगाची कागदपत्रं मागा. ती दाखवता आली नाहीत तर तिथून निघा.

मग हौसेचं काय? टँकमध्ये पैदास झालेले विदूषक मासे, म्हणजे क्लाउनफिश, कृत्रिम खडकांवर ठेवता येतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे कधीच बसवलंय. आणि प्रवाळच बघायचं असेल तर मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे पोराइट्स, टर्बिनेरिया, फेव्हाइट्स या जातींची प्रवाळं आहेत. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की मास्क लावून वरूनही दिसतात. पायातल्या फिनने किंवा हाताने त्यांना स्पर्श मात्र करायचा नाही. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला पठारी भाग आहे, त्यावरही प्रवाळ आहे. आपल्या दारात एवढं आहे हे मला इथे येऊन टँक केल्यावर कळलं, याची रुखरुख वाटते.

खालची फोटोची उत्तरं गोड्या पाण्याच्या टँकलाही बऱ्यापैकी लागू पडतात.

अंगठीत घालतात ते पोवळं हेच का?

नात्यातलं आहे, पण हे नव्हे. मंगळाचं रत्न म्हणून आपण घालतो ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते अंधाऱ्या, खोल जागी फार सावकाश वाढतं आणि त्याचा गाभाच लाल असतो. माझ्या टँकमधल्या प्रवाळांचा सांगाडा पांढराशुभ्र आहे. रंग असतो तो वरच्या जिवंत कातडीत.

प्रवाळ म्हणजे झाड की प्राणी? त्याला खायला काय घालता?

प्राणी. जेलीफिशचा आणि समुद्रफुलाचा चुलतभाऊ. पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि बरीचशी मालकाला देतं. म्हणून या टँकमध्ये दिव्याला एवढं महत्त्व. दिवा हेच अर्धं जेवण. बाकी अर्धं माशांच्या खाण्यातून, त्यांच्या विष्ठेतून आणि पाण्यातल्या बारीक जिवांतून मिळतं. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. बातम्यांत ‘ब्लीचिंग’ म्हणतात ते हेच.

सुरुवातीला छोटासा टँक घ्यावा ना?

नाही. इथे छोटा म्हणजे अवघड. वीस लिटरमध्ये एक मासा मेला किंवा दोन दिवस पाणी भरायचं राहिलं की सगळं बिघडतं. दीडशे लिटरला तेच सहज पचतं. माझा ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४० उंच आहे. उंच टँक दिसतो छान, पण तळापर्यंत हात पोचत नाही, आणि उजेडही पोचत नाही. रुंदी जास्त असली की खडकांना पुढे-मागे जागा मिळते, आणि फोटोला खोली येते.

वजनाचा अंदाज घ्या. पाणी, खडक, काच, कपाट धरून अडीचशे किलोच्या आसपास जातं. इथल्या लाकडी घरांत टँक तुळयांना आडवा, भारवाही भिंतीशी ठेवतात. काच घेताना पुढची तरी कमी लोहाची घ्या. साध्या काचेची हिरवट झाक नंतर कुठल्याही फोटोतून पूर्ण निघत नाही. ॲक्रिलिकवर चरे पडतात, आणि मॅक्रो लेन्सला एकेक चरा दोरखंडाएवढा दिसतो.

नळाचं पाणी आणि मीठ चालेल? की समुद्राचंच आणावं?

नळाचं नाही. त्यात क्लोरीन असतं, अनेक शहरांत क्लोरामाइन असतं, फॉस्फेट असतं आणि पाइपातलं तांबं असतं. तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना विष आहे. आरओ आणि पुढे डीआय, म्हणजे उरलेले क्षार काढणारी गाळणी, असं दोन्ही लावून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य आलेलं पाणी घ्यायचं. घरातल्या पिण्याच्या आरओचं शून्य नसतं, ते पुरत नाही. शहराजवळच्या किनाऱ्याचं समुद्राचं पाणीही नको, त्यात काय काय मिसळलंय याचा नेम नाही.

मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकी सगळं असलेलं टँकचं तयार मिश्रण. खारटपणा दर हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्याच द्रावणावर जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्याला जुळवलेला वर जाऊन चुकू शकतो.

पाणी उडालं की भर घालायची ती गोड्या पाण्याची. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं, मिठागरात राहतं तसं. नवीन माणूस इथे हमखास खारं पाणी ओततो आणि आठवड्याभरात टँक मृत समुद्राच्या वाटेला लागतो. थंडीत घरातलं हीटिंग चालू असलं की माझ्याकडे रोज दोन लिटर पाणी उडतं. म्हणून आपोआप भर घालणारा छोटा पंप लावलाय. एवढ्या पैशात याहून उपयोगी वस्तू दुसरी नाही.

खडक कसे रचायचे?

हा माझा आवडता भाग. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि नुसती हवेची बुडबुड एवढ्यावर प्रवाळ जगवल्याचं लिहिलं, आणि खडक म्हणजे शोभा नव्हे, गाळणीच आहे हे हौशी लोकांना कळायला लागलं. सच्छिद्र खडकातले जिवाणू पाणी राखतात. आता समुद्रातून खडक उचलायची गरज नाही. कोरडा, खाणीतून काढलेला खडक मिळतो, त्यात जिवाणू आपण वसवायचे.

रचताना बहुतेकांचा हात विटा रचतो. मागच्या काचेला टेकून भिंत उभी राहते, मागे घाण साचते, पाणी फिरत नाही. मी जमिनीवर कागद अंथरला, टँकएवढा चौकोन आखला आणि तीन संध्याकाळी खडक मांडून मोडले. प्रत्येक मांडणीचा समोरून, डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढला. फोटोत चुका लगेच दिसतात: दोन शिखरं एकाच उंचीची, मधोमध बसलेला ढीग, कुठे मोकळी जागाच नाही. शेवटी दोन बेटं ठेवली, एक मोठं, एक लहान, मध्ये वाळूची वाट. चारी काचांपासून चार बोटं जागा सोडली, कारण काच पुसायच्या चुंबकाला आणि वाढणाऱ्या कोरलला ती लागते. आज रिकामी वाटणारी जागा तीन वर्षांनी भरते.

टँक भरला. कोरल कधी आणू?

थांबा. आधी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वसू द्या. बाटलीतला अमोनिया दशलक्षात दोन भाग एवढा घातला आणि चोवीस तासांत अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य झाले, म्हणजे तयारी झाली. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

त्यानंतर येतो कुरूप काळ. वाळूवर तपकिरी थर, मग हिरवे केस, मग लालसर बुळबुळीत पापुद्रा. याच टप्प्यावर माणसं बाटल्या आणून ओततात. ओतू नका. गोगलगायी सोडा, हाताने ओढून काढा, पाणी बदला. खडकावर जांभळे ठिपके, म्हणजे चुनखडीचं शेवाळ, दिसू लागलं की टँक रुळतोय असं समजा. माझ्याकडे पहिला जांभळा ठिपका पाचव्या महिन्यात दिसला.

पहिले कोरल कोणते घ्यावेत?

मशरूम, झोअँथिड, लेदर आणि ग्रीन स्टार पॉलिप. जास्वंदीची फांदी खोचली की जगते, तसे फ्रॅग, म्हणजे तोडून वाढवलेले तुकडे, मिळतात. समुद्रातून आणलेली वसाहत घेऊ नका, हौशी माणसांनी वाढवलेला फ्रॅगच घ्या. तो टँकच्या पाण्याला सरावलेला असतो. ग्रीन स्टार मुख्य खडकावर चिकटवू नका, तो गवतासारखा सगळीकडे पसरतो. त्याला वाळूतला वेगळा दगड द्या.

आणल्यावर आधी डिपच्या, म्हणजे किडे पाडणाऱ्या, द्रावणात बुडवून, हलवून, खाली काय पडतं ते बघा. ज्या सिरॅमिकच्या बुडख्यावर तुकडा चिकटवलेला असतो तो कापून टाका. किड्यांची अंडी आणि एप्टेसिया, म्हणजे तणासारखं माजणारं छोटं समुद्रफूल, तिथेच लपून येतात.

आणि हे गंभीरपणे वाचा. झोअँथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिजहाल विष असू शकतं. हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. खडक स्वच्छ करायला म्हणून कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका. वाफेतून ते विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडल्याच्या घटना झालेल्या आहेत.

तो निळा मासा घ्यायचा का? मुलं मागे लागलीत.

दीडशे लिटरमध्ये नाही. निळा टँग वीतभराहून मोठा होतो आणि त्याला पोहायला सहा फूट लांबी लागते. पैदास केलेली क्लाउनची जोडी घ्या. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही. मुलांना सांगायला एक खरी गोष्ट आहे: सगळे क्लाउन जन्मतात ते नर म्हणून, जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो.

पाण्याच्या किती टेस्ट कराव्या लागतात?

एकच नेमाने करा: अल्कलिनिटी, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचा पाण्यातला साठा. कॅल्शियम दशलक्षात ४२० भागांच्या आसपास, आणि त्याच मापात मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट पाच ते दहा, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, हे महिन्यातून दोनदा पाहिलं तरी चालतं. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका, शून्य झालं की कोरल फिके पडतात आणि डायनो नावाचं चिकट शेवाळ माजतं. अल्कलिनिटी मात्र कोरल सांगाडा बांधताना रोज खातात. मी ८.५ डीकेएच (हे तिचं माप) ठेवते. आकडा साडेसात की नऊ, यापेक्षा तो स्थिर आहे का हे महत्त्वाचं. भर घालायला स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडाच वापरतात, शुद्ध हवा एवढंच.

तुम्ही दर रविवारी फोटो काढता, तो कशासाठी?

यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो वेगळे असतात. दर रविवारी सकाळी अकराला मी दिवे एका ठरलेल्या पांढऱ्या सेटिंगवर आणते, पाणी फिरवणारे पंप बंद करते, जमिनीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेवर ट्रायपॉड ठेवते आणि त्याच सेटिंगवर एक पूर्ण टँकचा आणि सहा जवळचे फोटो काढते. त्यांना सजवत नाही. तारीख घालून ठेवून देते.

चौथ्या वर्षी माझ्याकडे नारिंगी मोंटिपोरा डिजिटाटा होता, हाताच्या बोटांसारख्या फांद्यांचा. मार्चमध्ये तो फार छान रंगला. फांदीच्या टोकापर्यंत एकसारखा नारिंगी. मी घरच्यांना बोलावून दाखवला. रविवारी फोटो मागच्या तीन आठवड्यांच्या शेजारी लावले आणि पोटात खड्डा पडला. वाढणाऱ्या डिजिटाटाचं टोक फिकट, जवळजवळ पांढरं असतं, कारण तिथे सांगाडा नवा असतो आणि शैवाल अजून पोचलेलं नसतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या फोटोत ते पांढरं टोक मुगाएवढं होतं, दोन आठवड्यांपूर्वीच्या फोटोत मोहरीएवढं, आणि या आठवड्यात नव्हतंच. रंग चढला नव्हता, वाढ थांबली होती. टेस्ट केली तर अल्कलिनिटी ६.४. डोसिंगच्या, म्हणजे अल्कलिनिटीची भर घालणाऱ्या, नळीच्या टोकाला क्षाराचा खडा बसून ती बुजली होती. मी दोन आठवडे टेस्ट केली नव्हती, कारण टँक ‘छान दिसत’ होता.

तेव्हा एका दिवसात वर आणायचा मोह आवरला. दिवसाला अर्धा डीकेएच, त्याहून जास्त नाही. पाचव्या रविवारी एका फांदीवर पुन्हा मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला. रोज बघणाऱ्या डोळ्याला सावकाश होणारा बदल कळत नाही. फोटोला कळतो.

माझे सगळे फोटो निळेजांभळे का येतात?

कारण टँकचे दिवे निळे असतात. ४२० ते ४६० नॅनोमीटरचा उजेड प्रवाळाच्या शैवालाला मानवतो आणि रंगही चमकवतो. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स तिथपर्यंत पोचतच नाही. तीन उपाय. दिव्याचा पांढरा वाढवा आणि निळा कमी करा, फोटोपुरता. जमत नसेल तर लेन्ससमोर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर धरा. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, म्हणजे नंतर रंग दुरुस्त करता येतो. टँकमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून एक फोटो काढला की दुरुस्तीला पक्का आधार मिळतो.

मोबाइलवर चांगले फोटो येतील?

येतात. पण मोबाइलच्या आधी हे करा: काच आतून चुंबकाने आणि बाहेरून ओल्या मऊ फडक्याने पुसा. पंप बंद करून पाच मिनिटं थांबा, म्हणजे तरंगणारे कण खाली बसतील आणि पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे फुलासारखे एकेक जीव, हलायचे थांबतील. खोलीतले दिवे आणि टीव्ही बंद, पडदे ओढलेले, अंगात काळा किंवा गडद कपडा. मी एकदा पांढऱ्या कुर्त्यात अख्खी संध्याकाळ फोटो काढले, प्रत्येकात कोरलवर मी होते.

मोबाइल काचेला सपाट टेकवा. तिरका धरला की जाड काच आणि पाणी मिळून प्रतिमा फाकवतात, कडांना रंगाच्या रेघा येतात. कोपऱ्यातल्या कोरलकडे वळायचं नाही, तिथे सरकून समोर उभं राहायचं. क्लिप लावायची मॅक्रो लेन्स स्वस्त असते आणि खूप काम करते. आणि पंप पुन्हा चालू करायला विसरू नका. मी आता मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावते.

मोठा कॅमेरा असेल तर?

मी शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स वापरते. स्थिर कोरलला ट्रायपॉड, एफ/८ ते एफ/११, आयएसओ ४००. त्यापेक्षा छिद्र मोठं ठेवलं तर पॉलिपचं तोंड स्पष्ट आणि हात धूसर असं होतं. माशांना १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर. फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर तो एलईडीच्या लुकलुकण्याचा परिणाम, शटर थोडं सावकाश करा. फोकस हाताने, डोळ्याशी किंवा तोंडाशी. मासा यायची वाट बघत एका जागी बसायचं, त्याच्यामागे कॅमेरा फिरवायचा नाही.

झोअँथिड आणि मशरूम वरून बघायचे असतात, समुद्रात ते वरूनच दिसतात. तळाला सपाट पारदर्शक काच असलेला डबा पाण्यावर टेकवून त्यातून काढा. समोरून मळकट दिसणारा तुकडा वरून पाहिला की थक्क व्हायला होतं.

विक्रीच्या फोटोत असतात तसे चमकते रंग खरे असतात का?

चमक खरी असते, फोटो बऱ्याचदा ताणलेला असतो. निळा उजेड शोषून हिरवा किंवा लाल उजेड परत देणारी प्रथिनं प्रवाळात असतात. जेलीफिशमधलं असं हिरवं प्रथिन शोधून वापरात आणणाऱ्या तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९९ साली मॉस्कोच्या संशोधकांनी लाल प्रथिन वेगळं केलं ते डिस्कोसोमामधून, म्हणजे आपल्या टँकमधल्या मशरूम कोरलमधून. घेण्याआधी विक्रेत्याकडे पांढऱ्या उजेडातला फोटो मागा. प्रामाणिक माणूस लगेच पाठवतो.

वीज गेली तर? महिनाभर भारतात आलात तर?

वीज गेल्यावर आधी संपतो तो ऑक्सिजन, तापमान नंतर उतरतं. बॅटरीवरचा एअर पंप कायम चार्ज ठेवा, खाणं घालू नका. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही. हीटर चालूच राहून अडकला तर टँक शिजतो, म्हणून त्याला वेगळा थर्मोस्टॅट हवाच.

भारतात येते तेव्हा शेजारच्या काकू बघतात. औषधाच्या वारांच्या डबीत रोजचं खाणं मोजून भरते. डबीबाहेर एक दाणाही घालायचा नाही हे त्यांना पक्कं सांगितलंय. माझी आई इथे राहायला असते तेव्हा हे सांगणं जास्त अवघड जातं. मासा तोंड उघडतो तो तिला भुकेलाच वाटतो.

हे समुद्राला ओरबाडणं नाही का?

ओरबाडून आणलेलं घेतलं तर आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं ब्लीचिंग चालू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. अशा वेळी समुद्रातून एक वसाहतही तोडून आणायला माझं मन घेत नाही. माझ्या टँकमधला प्रत्येक कोरल कोणाच्या तरी घरी वाढलेला आहे, आणि माझ्याकडून आतापर्यंत चाळीसेक फ्रॅग दुसऱ्या घरी गेलेत. त्या नारिंगी डिजिटाटाच्या तीन फांद्या मी त्या मार्चच्या आधी एका मैत्रिणीला दिल्या होत्या. माझा मेला असता तर त्याच परत आल्या असत्या.

रात्री टँकमध्ये काय चालतं? तेव्हा फोटो काढता येतो?

दिवे गेल्यावर तासाभराने मंद लाल टॉर्च घेऊन जा. बहुतेक जिवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. दिवसा गुळगुळीत गोळा वाटणारा फेव्हाइट्स तेव्हा केसाळ झालेला असतो, प्रत्येक खळग्याच्या कडेने पारदर्शक सोंडा बाहेर. टोकाला खसखशीएवढा पांढरा बिंदू, त्यात डंख. एका सोंडेला कोळंबीचा कण लागला की शेजारच्या तीन-चार वाकतात आणि सगळ्या मिळून तो मधल्या तोंडाकडे नेतात. लेन्स काचेला टेकवा, आयएसओ ३२०० करा, टॉर्च वरून धरायला घरातलं कोणीतरी बोलवा. फोटो दाणेदार येतो. माझ्याकडचा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे, टॉर्च आईने धरली होती.